लाल ठिपका कुणाच्या वाट्याला

“दादा, पाण्याचा ठिपका लाल झालाय.”

“माझ्याकडे हिरवा आहे,” पुण्याहून हर्षद म्हणाला. “आत्ताच पान उघडलंय मी. सहाच्या सहा हिरवे.”

हेमांगीनं हातातला चिमटा खाली ठेवला. कोल्हापुरातल्या बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिची बावीस वर्षं गेली होती. ओल्या कागदावर गव्हाचे चारशे दाणे मांडायचे आणि आठव्या दिवशी किती रुजले ते मोजायचं, हे तिचं काम. तीनशे नव्वदला तिनं कधी चारशे म्हटलं नव्हतं, मग समोरचा व्यापारी कितीही गोड बोलो. अशा बाईला सख्खा भाऊ जेव्हा विचारतो, “तुलाच नेहमी लाल कसा दिसतो गं?”, तेव्हा तिच्या डोक्यात तिडीक जाते.

“मी खोटं बोलते का?”

“तसं कुठं म्हणालो? पण या महिन्यातली ही तिसरी वेळ.”

“आणि हा महिना तुझ्या पाळीचा. म्हणून फोन केला.”

“अगं, पण हिरव्यावर मी चार-पाच तास गाडी हाकत येऊ का?”

तिनं फोन ठेवला, साहेबांकडे अर्ध्या दिवसाची रजा मागितली आणि मिरजेची बस धरली. मागच्या दोन वेळांनाही तिनं हेच केलं होतं.

दोघांचे वडील, दिनकर गुरव, मिरजेत एकटे राहत. घरात त्यांना अण्णा म्हणत. वय एक्क्याऐंशी, नोकरी सगळी रेल्वेच्या सिग्नल खात्यात. आई गेल्यावर भावाबहिणीनं पाळ्या ठरवल्या, विषम महिने हर्षदचे, सम महिने हेमांगीचे. गुरवांच्या घराला पाळ्या नव्या नव्हेत. गावच्या देवळातली पूजा या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या पाळीनं चालत आलेली. आता देवाच्या जागी बाप आला, एवढंच. देवळाच्या पाळीत मुलींना जागा नसे. बापाच्या पाळीत मात्र ती लगेच मिळाली.

दोन वर्षांपूर्वी अण्णांना हृदयविकाराचा झटका आला. ते वाचले, पण हृदय दमलं. दमलेलं हृदय रक्त पुरेसं पुढं ढकलत नाही, मग रक्तातलं पाणी मागं फुप्फुसात साठायला लागतं. माणसाला धाप लागते ती फार नंतर. पाणी त्याआधी चार-सहा दिवस गुपचूप भरत असतं. ते गुपचूप भरणं पकडायला एक चकती निघाली होती. रुपयाएवढी, छातीला चिकटवायची. ती अंगातून मुंगीलाही जाणवणार नाही एवढी वीज सोडायची आणि अडथळा किती होतो ते मोजायची. हवेतून वीज सहज जात नाही, पाण्यातून जाते. फुप्फुसात हवेच्या जागी पाणी आलं की अडथळ्याचा आकडा घसरतो. तो घसरला की डॉक्टरांकडे जायचं, पाणी काढायचं इंजेक्शन घ्यायचं आणि घरी यायचं. वेळेवर गेलं तर हे एवढंच काम. वेळ गेली की मग अतिदक्षता विभाग, आणि तिथून सगळेच परत येत नाहीत.

ही चकती ‘काळजीवाहू’ नावाच्या कंपनीची होती. ती दिवसाला चारेकशे आकडे पाठवी. एवढे आकडे कोण वाचणार? म्हणून कंपनीनं नातेवाइकांसाठी इंटरनेटवर अहवालाचं एक पान केलं होतं. त्यावर सहा ओळी: हृदय, श्वास, पाणी, झोप, चालणं, औषधं. प्रत्येक ओळीपुढं एक गोल ठिपका. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे आजच डॉक्टर. शाळेतल्या पोरालाही कळावं असं ते पान होतं.

“आलीस का परत?” दार उघडत अण्णा म्हणाले. “आज काय झालं मला?”

“पाणी साठलंय अण्णा. चला, डॉक्टरांकडं जाऊन येऊ.”

“कुणी सांगितलं?”

अण्णांच्या भिंतीवर कंपनीनं दिलेला पडदा होता. त्यावर सहाही ठिपके हिरवेगार. ताटात भाकरी, पिठलं आणि कैरीच्या लोणच्याच्या चांगल्या चार फोडी. मीठ म्हणजे त्यांना विष, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

“हे काय, अण्णा? लोणचं?”

“हिरवं आहे की सगळं. हिरव्यावर एवढी फोड चालती.” मग घास तसाच ठेवून ते पडद्याकडं बघत राहिले. “मला एक कळंना झालंय बघ. वर्षभरात यातला एक ठिपका पिवळासुद्धा झालेला मी बघितला नाही. आमच्यात कायम हिरवा राहणारा सिग्नल आढळला की आम्ही आधी गाडी थांबवायचो.”

डॉक्टरांनी तपासलं. पाणी होतंच. इंजेक्शन दिलं, पाय दाबून सूज दाखवली आणि म्हणाले, “बरं झालं आज आणलंत.”

हेमांगीनं बाहेर येऊन हर्षदला ते सांगितलं. तो “बरं” म्हणाला. त्या ‘बरं’मध्ये तिला नको ते सगळं ऐकू आलं. डॉक्टर काय, समोर पेशंट आणला की इंजेक्शन देणारच, असं त्याला म्हणायचं होतं, याबद्दल तिला शंका नव्हती.

असे सात महिने गेले. त्यांत संशय कसा वाढत गेला ते सांगायला नको. हेमांगीला वाटायचं, दादा पान उघडतच नाही आणि उघडलं तरी लाल बघून हिरवा सांगतो. हर्षदला वाटायचं, हिला अण्णांना कोल्हापूरला न्यायचं आहे, म्हणून हा रोजचा बागुलबुवा. पडद्याचा फोटो काढून पाठवावा, तर फोटोवर हल्ली शेंबडं पोरही विश्वास ठेवत नाही. मेलेला माणूस वाढदिवसाचा केक कापताना दाखवता येतो, तिथं एक ठिपका रंगवायला कितीसा वेळ लागतो? एकदा तिनं हर्षदला ठिपका सोडून मागचे आकडे वाचायला सांगितले. तो वैतागला. “मला त्यातलं काही कळत नाही. ते कळायचं असतं तर रंग कशाला दिले असते?”

शेवटी सप्टेंबरातल्या एका रविवारी दोघं मिरजेत आले, आज सोक्षमोक्ष लावायचाच म्हणून. शनिवारी संध्याकाळी हेमांगीकडे लाल होता. अण्णांच्या खाटेवर दोघांनी दोन फोन शेजारी शेजारी ठेवले आणि पान उघडलं.

दोन्हीकडं हिरवा.

हर्षदनं चष्मा काढून पुसला. तो बोलला असता तर बरं झालं असतं. हेमांगीचे कान तापले. आपल्याला भ्रम होतोय की काय, अशी शंका तिला त्या क्षणी आयुष्यात पहिल्यांदा आली, आणि ती भावाच्या संशयापेक्षा जास्त लागली.

“काल लाल होता,” ती म्हणाली. “आईशप्पथ.”

“असेल,” हर्षद म्हणाला.

अण्णा हे सगळं खाटेवर मांडी घालून बघत होते. “आमच्याकडं असं व्हायचं,” ते म्हणाले. “एक ड्रायव्हर म्हणायचा लाल होता, दुसरा म्हणायचा हिरवा. आम्ही दोघांना समोरासमोर उभं करत नव्हतो. समोरासमोर माणूस आपलीच बाजू धरतो. याच्या जागेवर त्याला बसवायचो आणि त्याच्या जागेवर याला.”

“म्हणजे?”

“तिचा पासवर्ड तू घे, तुझा तिला दे. आणि जावा आपापल्या गावाला.”

मंगळवारी सकाळी सात वाजता हेमांगीनं हर्षदच्या नावानं पान उघडलं. सहा हिरवे ठिपके, आणि खाली बारीक अक्षरात एक ओळ: ‘आज सगळं ठीक आहे. निवांत राहा.’ अशी ओळ तिच्या पानावर कधीच आली नव्हती.

फोन वाजला. पलीकडं हर्षद होता.

“हेमा, इथं पाणी लाल आहे,” तो म्हणाला. “श्वास पिवळा. खाली लिहिलंय, ‘तुम्ही आजच जाणं गरजेचं आहे.’ तुला सात महिने हेच दिसत होतं?”

तिला रडू आलं. राग, समाधान, सुटका, सगळंच त्यात होतं. “हेच,” ती म्हणाली.

त्या दिवशी मिरजेला हर्षद गेला.

कुठंतरी पाणी मुरतंय एवढं दोघांना कळलं, पण कुठं ते कळायला हेमांगीला कंपनीच्या कोल्हापूरच्या कार्यालयात जावं लागलं. तिथं सोनटक्के नावाचा तिशीतला अधिकारी होता. त्यानं चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि काहीही नाकारलं नाही. ती भांडायची तयारी करून गेली होती, त्यामुळं जरा अडखळलीच.

“मॅडम, पहिल्या वर्षी आम्ही घरातल्या सगळ्यांना एकच रंग दाखवत होतो,” तो म्हणाला. “लाल झाल्यापासून कुणीतरी पेशंटपर्यंत पोचायला सरासरी किती वेळ लागायचा, सांगा बघू.”

“तास? दोन तास?”

“नऊ तास. मुलगा एकच असेल तर दोन तास. दोन मुलं असली की पाच, चार असली की दिवस जायचा. प्रत्येकाला वाटायचं, दुसऱ्यानंही बघितलंय, तो जाईल. तशी माणसं कुणीच वाईट नव्हती. मग आमच्या प्रणालीला आम्ही एकच काम दिलं, हा वेळ कमी कर. रंग कुणाला कुठला दाखवायचा ते तिनंच शिकून घेतलं. जो आधी उठून जातो त्याला लाल. बाकीच्यांना हिरवा. उगाच सगळ्यांच्या जिवाला घोर कशाला? आता सरासरी सव्वा तासावर आलीय.”

“म्हणजे मी पहिल्यांदा गेले म्हणून…”

“तुम्ही पहिल्यांदा गेलात, म्हणून दुसऱ्यांदा तुम्हाला दाखवलं. परत गेलात. मग तिला खात्री पटली.”

“आणि रविवारी दोघांना हिरवा?”

“दोघंही पेशंटजवळच होता ना. फोन कुठं आहेत ते तिला कळतं. मग बोलवायचं कुणाला?”

“अण्णांना का हिरवा? ते लोणचं खातात त्यावर.”

“पेशंटला लाल दाखवला की भीतीनं नाडी वाढते आणि आकडेच बिघडतात.” लोणच्याचं मात्र त्यानं कागदावर टिपून घेतलं. “हे आमच्या ध्यानात आलं नव्हतं.”

“हे कुणाला विचारून केलं?”

“करारात आहे. पान नववं.”

ते पान हेमांगीनं वाचलं नव्हतं, हर्षदनंही नाही. “मग खरा रंग कुठला?” तिनं विचारलं.

सोनटक्केनं चहाचा कप बाजूला सारला. “मॅडम, तुम्ही बियाणं तपासता. आकडा खरा असतो. पोतं चांगलं की वाईट, हे कुणाला तरी ठरवावं लागतं ना? रंग तसाच आहे. दाखवला की कुणीतरी उठतं का, एवढंच आम्ही बघतो.”

तिनं सांगितलं की अण्णांसकट तिघांना एकच रंग हवा. तसा अर्ज होता, तिघांच्या सह्या लागत होत्या. सोनटक्केनं तो काढून दिला.

“देतो,” तो म्हणाला. “पण असा अर्ज करणारी बहुतेक घरं महिना-दोन महिन्यांत परत येतात.”

“आमचं घर तसलं नाही,” हेमांगी म्हणाली. तेव्हा तिला ते अगदी मनापासून वाटत होतं.

अण्णांनी सही करायच्या आधी अर्ज दोनदा वाचला. “म्हणजे जे मला दिसणार तेच तुम्हा दोघांना. त्याच मिनिटाला.”

“त्याच मिनिटाला,” हर्षद म्हणाला. “आणि कुणी कुणी बघितलं तेही खाली येणार.”

“मग आता कुणाला कुणाचा संशय नको,” अण्णा म्हणाले आणि त्यांनी सही केली.

ऑक्टोबर सुखाचा गेला. हर्षद दर दोन दिवसांनी फोन करायचा, तोही विनाकारण. “तुला उगीच बोललो गं,” असं त्यानं एकदा नाही, तीनदा म्हटलं. ठिपका पहिल्यांदा पिवळा झालेला बघून अण्णांनी लोणच्याची बरणी स्वतःच्या हातानं शेजारणीला देऊन टाकली. हेमांगीच्या पाळीत एकदा लाल आला, ती गेली. त्यात विशेष काही नव्हतं. पाळी तिचीच होती.

नोव्हेंबर हर्षदचा.

अकरा तारखेला सकाळी सात वाजता तिनं पान उघडलं. पाणी लाल, श्वास लाल. दोन लाल एकदम कधी आले नव्हते. तिचा हात पर्सकडं गेला. मग तिनं पानाच्या तळाशी बघितलं. ‘पाहिले: दिनकर, ६.५२. हर्षद, ६.५८. हेमांगी, ७.०१.’

दादानं बघितलंय, आणि पाळी दादाची आहे. तो निघालाही असेल. नसेल तर निघेल.

तिनं फोन केला नाही. फोन केला की तो विचारणार, तू जातेस का, तू जवळ आहेस. आणि ती जाणार. सात महिने ती अशीच गेली होती. नऊ रजा, साहेबांची बोलणी, आणि वर खोटारडेपणाचा शिक्का. एकदा तरी बघू दे, माझ्याशिवाय काय होतं ते. हा विचार चांगला नव्हता, हे तिला तेव्हाही कळत होतं. पण तो इतका गोड लागला की तिनं तो सोडला नाही.

नऊ वाजता तिनं परत पान उघडलं. लाल. तळाशी हर्षदचं नाव परत आलं होतं, ८.४०. म्हणजे तो पुण्यातच बसून बघतोय. किंवा गाडी थांबवून बघतोय. तिनं दाणे मोजायला घेतले. चारशेपैकी एकशे बारावर तिची मोजदाद चुकली, ती पहिल्यापासून मोजू लागली, आणि परत चुकली.

अकरा वाजता हर्षदनं बघितलं होतं. साडेअकराला तिनं. साडेबाराला त्यानं, एकला तिनं. पानाच्या तळाशी दोघांची नावं एकाखाली एक येत होती. ती नावं त्यालाही दिसतच असणार. तो काय म्हणत असेल? हेमा बघतीय, म्हणजे हेमा जाईल. नेहमी जाते. आणि आपण काय म्हणतोय? तिला सोनटक्केचा तो शांत चेहरा आठवला आणि तिनं फोन उलटा करून ठेवला. यंत्रानं आपल्याला बरोबर ओळखलं होतं, हे तिला कुणाकडंही कबूल करायचं नव्हतं.

अण्णांचं नाव सकाळनंतर एकदाही आलं नव्हतं. पावणेतीनला हे तिच्या ध्यानात आलं आणि मग मात्र तिला खुर्चीत बसवेना. रजेचा अर्ज न लिहिताच ती बाहेर पडली, टॅक्सी केली आणि मिरजेच्या डॉक्टरांना वाटेतून फोन केला.

चार वाजता ती दारात उतरली. दार उघडंच होतं. अण्णा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. अंगात इस्त्रीचा सदरा, पायात चपला, मांडीवर कापडी पिशवी. पिशवीतून टॉवेल आणि औषधांचा डबा दिसत होता. ओठ निळसर झाले होते. एकेक श्वास ते खांदे उचलून घेत होते.

“अण्णा, किती वेळ बसलाय असे?”

“सातला… तयार झालो.”

“मग फोन का नाही केलात? शेजारी कुणाला तरी सांगायचं.”

“लाल तर… सगळ्यांनाच दिसत होता,” अण्णा म्हणाले. त्यांनी ते तक्रारीच्या सुरात म्हटलं असतं तर तिला सोसलं असतं. “म्हटलं, बघू कोण येतंय.”

तिनं आणि टॅक्सीवाल्यानं त्यांना दोन्हीकडून धरलं. पायऱ्या तीनच होत्या, पण प्रत्येकीवर थांबावं लागलं. गाडीच्या दाराशी टेकून त्यांनी दम घेतला आणि तिच्या तोंडाकडं बघितलं.

“तुला कधी दिसला गं?”

बावीस वर्षांत तिनं तीनशे नव्वदला चारशे म्हटलं नव्हतं.

“आत्ता दुपारी, अण्णा,” हेमांगी म्हणाली. “सकाळी माझ्याकडे हिरवाच होता. परत बिघडलंय वाटतं ते.”

अण्णांनी मान हलवली.

“हर्षदचा फोन आला होता मघाशी, आत्ता निघतोय म्हणून,” ते म्हणाले. “तोही हेच म्हणाला.”

मग एका हातानं पिशवी छातीशी धरून त्यांनी दुसऱ्या हातानं आपला सुजलेला पाय उचलला आणि गाडीत घेतला.